लाल दोऱ्याची बरणी

बोरीचा पाला कुटणं हे माझं काम आणि त्यात तेल घालणं हे सासूबाईंचं. मी लग्न होऊन या घरात आले त्याच आठवड्यात ही वाटणी ठरली, आणि ती कधी बदलेल ही आशा मी केव्हाच सोडून दिली होती. पाला सावलीत वाळवायचा, देठ-काटे निवडायचे, उखळात कुटायचा, फडक्यातून चाळायचा, उरलेला पुन्हा कुटायचा. मग लग्नाच्या दिवशी पहाटे कोमट पाण्यात कालवून हात भरून येईपर्यंत घुसळायचा. हिरवा फेस पातेल्याच्या काठाला आला की मी उठायचं, आणि सासूबाईंनी आत येऊन दार लावून घ्यायचं. आत त्या काय घालतात ते गावात कुणालाही विचारा. डोंगरी शेवग्याच्या बियांचं तेल, वरच्या डोंगरातल्या यासच्या पानांचं तेल, केशर, लवंग, गुलाबपाणी. किती घालतात, ते मात्र फक्त त्यांच्या नाकाला ठाऊक. मोजमाप त्यांना मान्यच नव्हतं. "चमच्यानं औषध घेतात," म्हणायच्या.

आमच्या गावात नवरीचे केस दुकानातल्या शॅम्पूनं धुतले तर लोक नवऱ्या मुलाची कीव करतात. मुलगी मस्कतला बँकेत नोकरी करणारी का असेना, लग्नाच्या सकाळी तिच्या डोक्यावर रय्याच्या, म्हणजे माझ्या सासूच्या, बरणीतलाच फेस हवा.

आणि विधवेच्याही. नवरा गेल्यावर बाईनं चार महिने दहा दिवस घरात बसायचं. सुरमा नाही, मेंदी नाही, ऊद-धूप नाही, वास येणारं काहीच नाही. केस धुवायला तेवढा बोरीचा पाला चालतो, म्हणून तिचीही बरणी आमच्याकडूनच जाते. पाला, पाणी आणि वास नसलेलं साधं शेवग्याचं तेल, बस. नवरीच्या बरणीच्या गळ्यात सासूबाई लाल दोरा बांधतात. विधवेची बरणी बोडकी. फेस दोन्हींत तसाच हिरवा, फरक काय तो वासाचा.

त्या गुरुवारी दोन्ही बरण्या एकाच सकाळी गेल्या. लाल दोऱ्याची गेली नसराच्या घरी, तिच्या लेकीचं, मैथाचं, रात्री लग्न होतं. बोडकी गेली खाल्साच्या घरी, तिच्या सुनेसाठी. झाकणांवर फडकं घट्ट आवळलेलं होतं. पोचवल्या मीच.

खाल्साची ही सून म्हणजे घालिया. तिचा नवरा यह्या तीन महिन्यांपूर्वी मस्कतच्या रस्त्यावर गाडी उलटून गेला. पदरात एक तीन वर्षांची पोर, शम्मा. मुदत संपली की पोरीला घेऊन माहेरी इब्राला जायचं, एवढंच घालिया बोलायची. आणि खाल्सा बोलायची, "सुनेनं कुठं जायचं तिथं जावं, पोर माझ्या यह्याची आहे." पण रीतीनं पाहिलं तर लहान मूल आईजवळच राहतं. ते काढून घ्यायचं तर आईच्या वागण्यावर बोट ठेवायला लागतं. खाल्सा तीन महिने ते बोट उगारून बसली होती. मी तिला वाईट म्हणत नाही. मुलगा गेलेल्या बाईचं डोकं ठिकाणावर नसतं. पण म्हणून दुसरीच्या काळजाचा तुकडा ओढून घ्यायचा का?

दुपारची नमाज होऊन गेली होती. मी भांडी घासत होते तेवढ्यात शेजारची सलूमा मागच्या दारानं आत शिरली. चप्पल काढायचंही भान नव्हतं तिला.

"झुवैना, ऐकलंस का? घालिया नवरीसारखी घमघमतेय!"

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे, मी तिथंच होते. खोली बायकांनी भरलेली. ती कॉफीचा पेला द्यायला वाकली आणि केशराचा असा भपका आला! उम्म हारिबच्या हातातून पेला खाली." खाल्साला गावात तिच्या थोरल्या मुलाच्या नावानं, हारिबची आई म्हणूनच हाक मारतात. "उठली आणि घालियाच्या डोक्यावरचा रुमाल ओढला तिनं. म्हणाली, माझ्या लेकाची माती अजून ओली आहे आणि ही कुणासाठी नटते?"

"मग घालिया?"

"ती म्हणाली, रय्यामावशीच्या बरणीतलंच लावलं. त्यावर उम्म हारिब काय म्हणाली माहितीये? रय्याचं नाक चुकेल त्या दिवशी सूर्य मावळतीकडून उगवेल. सगळ्यांना पटलं ते. त्याला काय बोलणार?" सलूमानं श्वास घेतला. "हारिबला फोन केलाय. निघालाय तो मस्कतहून. दिवेलागणीला पोचेल आणि पोरीला घेऊन जाईल. तिचे कपडे पिशवीत भरले, मी डोळ्यांनी बघितलं."

मी सलूमाला कशीबशी वाटेला लावली. हाताला साबण तसाच होता. खरं सांगायचं तर ती "केशर" म्हणाली तेव्हाच मला सकाळच्या दोन बरण्या आठवल्या होत्या. घालियाच्या घरात केशर आलं असेल तर ते आमच्याच घरातून आलं असणार.

सासूबाई अंगणात खजूर निवडत बसल्या होत्या.

"अम्मा, सकाळी बरण्या बदलल्या."

"काहीतरी बोलू नकोस."

"घालियाच्या केसांना नवरीचा वास येतोय. खाल्सा पोर काढून घेतेय तिची."

हात थांबला त्यांचा. पण क्षणभरच. "मग तिनं चोरून लावलं असेल काही. माझा हात चुकत नाही."

"हात नाही हो अम्मा. नाक."

खजूर त्यांच्या बोटांतच राहिला. चुलीवर कॉफी करपून धूर झाला तरी त्या शेजारी बसून भाजी चिरत होत्या, ते मी बघितलं होतं. नासलेलं दूध त्यांनी माझ्या नवऱ्याला प्यायला दिलं, तेही. मी गप्प बसले होते, कारण ज्या बाईच्या नाकावर माशी बसत नाही तिला नाकच राहिलं नाही हे सांगायचं कुणी?

"कधीपासून माहितीये तुला?" त्यांनी खाली बघतच विचारलं.

"बरेच दिवस."

"दोन वर्षं झाली. त्या तापात गेलं. आधी वाटलं, येईल परत. लोबान जाळून वर तोंड धरून बसायचे. नुसता धूर." त्यांनी खजूर परातीत टाकला. "बाटल्या ओळीनं लावते. थेंब मोजून घालते."

"तुम्ही मोजता?"

"मोजते. झालं समाधान?"

"मग आज काय झालं?"

"दोन्ही पातेली झाकून नमाजाला गेले. परत आले आणि आठवेना, नवरीचं कुठलं, उजवं की डावं. दोन्हीत तोंड घातलं मी. एकदा याच्यात, एकदा त्याच्यात. काही म्हणजे काही नाही." त्यांचा आवाज चिरकला. "दार उघडून तुला हाक मारायची, एवढंच करायचं होतं."

"मग मारायची होती ना!"

"त्यापेक्षा मेलेली बरी, असं वाटलं त्या वेळी."

मला इतका राग आला की परात लाथाडावी असं वाटलं. एका म्हातारीचा ताठा आणि त्यापायी तिकडं एका पोरीचे कपडे पिशवीत! पण त्यांचा चेहरा बघितला आणि राग कुठं टेकवावा ते कळेना.

"चला, आत्ता जाऊन सांगू," मी म्हटलं.

"उद्या सकाळी सांगू. मी स्वतः जाईन, खाल्साच्या पाया पडेन."

"उद्या सकाळी शम्मा मस्कतला असेल. मग आणा परत!"

"आणि मैथा?" त्या एकदम उसळल्या. "तिच्या डोक्याला काय लागलं सकाळी, विचार केलास? विधवेची बरणी! ऊद-धुरी दिली असेल वरून, म्हणून अजून कुणाला पत्ता नाही. मी खाल्साकडे तोंड उघडलं की तासाभरात नसराला कळणार. ती वरात निघू देईल? मुलाकडचे अशी नवरी उंबऱ्यात घेतील? मूल आईपासून तुटतं म्हणतेस, आणि त्या मुलीचं लग्न मोडलं तर ते कुणाच्या डोक्यावर?"

दोघींपैकी एकीचा बळी जाणार होता, आणि दोघींच्या दारात बरणी मीच ठेवून आले होते. ऊन भिंतीवरून वर सरकत होतं. हारिबची गाडी एव्हाना निम्म्या वाटेवर असेल.

"तुम्ही बसा," मी म्हणाले. "मी एकटी जाते. सांगते त्यांना."

"तुझ्यावर कोण विश्वास ठेवणार? सून सासूचं नाव बुडवायला निघाली म्हणतील."

"म्हणू देत."

मी हात पुसले, अबाया अंगावर घेतला, दारापर्यंत गेले. मागून खजुराची परात सरकवल्याचा आवाज आला.

"थांब. माझी चप्पल कुठाय?" सासूबाई म्हणाल्या. "आणि वाटेत एक शब्द बोलू नकोस."

पाटाच्या कडेनं आम्ही गेलो. त्या पुढं, मी मागं. नसराच्या गल्लीपाशी दिव्यांच्या माळा चढत होत्या, आतून बायकांच्या हसण्याचा आवाज येत होता. सासूबाईंनी तिकडं मान वळवली नाही.

खाल्साच्या खोलीत एकही बाई उठून गेली नव्हती, सलूमाही परत येऊन बसली होती. असा तमाशा सोडून कोण जातं? उंबऱ्यातच मला केशर आणि यासचा वास आला, शंकेला जागाच नको. घालिया कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. डोळे सुजलेले, रुमाल ओला. शम्मा आजीच्या मांडीवर खजूर चघळत होती आणि दाराशी एक फुगलेली पिशवी होती.

"ये रय्या," खाल्सा म्हणाली. "बरी आलीस. हुंग हिला आणि सांग या सगळ्यांना, ही तुझी बरणी आहे का?"

सासूबाई बसल्या नाहीत. "माझीच आहे. नवरीची. पोरीचा दोष नाही खाल्सा, बरण्या माझ्याकडून बदलल्या."

खोलीत कुजबुज झाली. खाल्सा हसली, पण ते हसणं काही खरं नव्हतं.

"दया आली वाटतं! ज्या बाईनं माझ्या आईच्या पेटीत उरलेलं तिच्या लग्नातलं तेल वासावरून ओळखलं होतं, तिच्याकडून बरणी बदलते? मूर्ख समजतेस मला?"

"मला वास येत नाही."

"काय?"

"दोन वर्षं झाली. कशाचाच येत नाही."

हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकणं मलाही सहन झालं नाही. पण खाल्सा कच्ची नव्हती.

"येत नाही म्हणायला काय लागतं? मीही म्हणते, मला ऐकू येत नाही. झाले का मी बहिरी?" तिनं बायकांकडे बघितलं. दोघीतिघींनी माना डोलावल्या. "तिला वाचवायला तू काहीही बोलशील. आणि ही तुझी सून शेजारी उभी राहून हो हो करेल."

"मग तूच बघ खातरी करून."

"कशी करू? तुझ्यासमोर अत्तर धरलं तर तू म्हणशील, नाही येत."

"तुला पाहिजे तशी कर. मी डोळे मिटते." आणि सासूबाई खरंच खाली बसल्या, मांडी घातली, डोळे मिटले. "आण काय आणायचं ते. ओळखलं तर मी खोटी, आणि मग पोर तुझी."

"अम्मा!" मी ओरडले. घालियानं तोंडावर हात दाबला. दुसऱ्याची पोर पणाला लावायला यांना कुणी सांगितलं होतं?

खाल्सानं शम्माला सलूमाच्या मांडीवर दिलं आणि अनवाणी पायांनी मागच्या दारानं गेली. आम्हाला वाटलं, अत्तर आणेल, नाहीतर लोबान. ती आली तेव्हा आधी वास आत आला आणि मग ती. गुरांना घालायचे सुके तारले मासे आम्ही पिंपात भरून ठेवतो. ते पिंप पाणी जाऊन सडलेलं असणार. तळातला काळा लगदा तिनं पत्र्याच्या टमरेलात भरून आणला होता. सलूमानं पोरीचं तोंड ओढणीखाली घेतलं. एक बाई तोंड दाबून अंगणात पळाली. मी अबायाची बाही नाकाला लावली.

खाल्सा आवाज न करता चालत आली आणि तिनं ते टमरेल सासूबाईंच्या नाकाखाली धरलं. अगदी ओठांना लागेल इतकं जवळ.

सासूबाई ताठ बसल्या होत्या. पापणी हलली नाही. उलट त्यांनी छाती भरून श्वास घेतला, हुंगायची तयारी केल्यासारखा, एकदा, मग पुन्हा एकदा. आम्ही सगळ्या बघत होतो.

मग त्यांनी डोळे न उघडताच चेहरा थोडा वर केला आणि विचारलं, "आणलंस का गं खाल्सा? किती वेळ?"

टमरेल हलकेच मागं घेऊन खाल्सा आल्या वाटेनं बाहेर गेली. मी भिंतीकडे तोंड फिरवलं, कारण मला रडू आवरेना. सासूबाई अजून डोळे मिटून वाट बघत होत्या. शेवटी सलूमानंच त्यांच्या खांद्याला हात लावला आणि म्हणाली, "उघडा मावशी. झालं."

"झालं? काय होतं?"

कुणीच सांगितलं नाही.

खाल्सा हात धुऊन परत आली आणि जागेवर बसली. माफीबिफी काही नाही, ती तिच्या रक्तात नाही. एवढ्यात बाहेर गाडीचा भोंगा वाजला. घालिया ताडकन उठून उभी राहिली. खाल्सानं तिच्याकडे बघितलं, मग दाराशी पडलेल्या पिशवीकडे. पिशवी उचलून तिनं आतल्या खोलीत भिरकावली आणि अंगणात जाऊन हारिबला म्हणाली, "आलास? बस, जेव आणि जा. पोर आईजवळ झोपते." हारिबनं काहीतरी विचारलं. "सांगितलं ना झोपते म्हणून!" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की शम्मा रडायला लागली. घालियानं तिला सलूमाकडून ओढून घेतलं आणि छातीशी इतकं आवळलं की पोर आणखीनच रडली.

माझा जीव भांड्यात पडला म्हणावं तर तेवढ्यातच लक्षात आलं, नसराची जाऊ खोलीत नव्हती. अंगणात पळालेली तीच. ती ओकायला नव्हती पळाली.

नसरा आली ती बांगड्या वाजवत, अर्धी नटलेली, एका डोळ्यात सुरमा आणि दुसरा कोरा. विधवेच्या घरात लग्नाच्या दिवशी पाऊल नको म्हणून उंबऱ्याबाहेर गल्लीतच उभी राहिली. तिच्या हातात लाल दोऱ्याची बरणी होती.

"रय्या! बाहेर ये!"

सासूबाई बाहेर गेल्या. मी त्यांच्यामागं.

"माझ्या पोरीच्या डोक्यावर सुतकाचं पाणी घातलंस तू?"

"घातलं. चुकून घातलं. शिव्या दे मला, पण वरात थांबवू नकोस नसरा."

"वरात थांबवायला मी वेडी नाही. तुझ्या चुकीपायी माझी पोर घरात बसवून ठेवू?" नसराच्या एका गालावरून सुरमा ओघळला होता. "दुकानातल्या बाटलीनं धुतायत तिचं डोकं. बाटलीनं! मुलाकडच्यांना यातलं काही कळलं ना, तर तुझ्या दाराशी येऊन बसेन मी. आणि आजपासून या गावातली एकही मुलगी तुझ्या हाताला डोकं देणार नाही. लिहून ठेव."

बरणी तिनं आमच्या पायाशी आपटली. फुटली. हिरवा फेस दगडांवर पसरला. त्याला नुसत्या पाल्याचा वास होता.

वरात निघाली, आणि ठरल्या वेळी निघाली. मैथा म्हणे आईवरच हसली, बाटलीनं किती पटकन आटपलं, उगाच सकाळपासून मान धरून बसले, म्हणाली. हे सलूमानं मला नंतर सांगितलं. ज्या मुलीच्या काळजीनं आम्ही दुपारभर मेलो, तिला त्याचं काहीच नव्हतं. हसावं की रडावं, कळेना.

पण तेव्हा आम्ही गल्लीत उभ्या होतो आणि खाल्सा दारातून माझ्याशी बोलत होती.

"झुवैना, हिचे केस आत्ताच्या आत्ता धुऊन काढ. तो वास मला या घरात नको. पाला माझ्याकडे आहे." मग सासूबाईंकडे न बघता म्हणाली, "कालवायचं तू. हिनं हात लावायचा नाही."

सासूबाई माझ्याबरोबर मोरीपर्यंत आल्या, अबायाच्या बाह्या वर केल्या आणि पाण्याचा तांब्या उचलला. पाणी घालायला कुणी मनाई केली नव्हती.

मी पाला घुसळला. घालिया पाटावर मान खाली घालून बसली, तिचे केस पुढं सोडलेले, जमिनीला टेकणारे. मी फेस थापला, डोळ्यांत जाऊ नये म्हणून तिनं ते घट्ट मिटले. सासूबाई पाठीमागं उभ्या होत्या. त्या आत आलेल्या तिला दिसल्याच नव्हत्या.

मी चोळत राहिले. केशराचा वास जाता जात नव्हता.

"झुवैना," ती हळूच म्हणाली. "एक सांगू? कुणाला बोलणार नाहीस ना?"

"बोल."

"झाकण काढलं तेव्हाच मला कळलं होतं."

माझे हात थांबले.

"ही माझी नाही, हे कळलं होतं. झाकण परत लावलं मी. खरंच लावलं. मग पुन्हा काढलं." तिचे खांदे हलायला लागले. "माझ्या लग्नात हाच वास होता. यह्या आठवडाभर डोकं धुवू द्यायचा नाही मला. केसांत तोंड खुपसून झोपायचा. बरणी उघडली आणि तो आला गं. मोरीत, इथं, माझ्या पाठीशी उभा. म्हटलं एकदाच लावते. शम्माचं मनातच आलं नाही. पोर जाईल, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही, शपथ घेते."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढ्या बायकांसमोर एक म्हातारी सडक्या माशांवर तोंड धरून बसली, आयुष्यभराची अब्रू गल्लीत सांडली, ती कुणासाठी? चुकीची बरणी म्हणून सांगून परत पाठवली असती तर काय झालं असतं? मी बोलायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात माझ्या मनगटावर सासूबाईंची बोटं आवळली गेली.

त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि गुडघे धरत घालियाशेजारी बसल्या.

"घालिया."

तिचं सगळं अंग ताठरलं. "मावशी... तुम्ही..."

"डोळे उघडू नकोस, फेस जाईल." सासूबाईंचा आवाज अगदी खाली होता, आतल्या खोलीत जाऊ नये इतका. "मला एक सांग. मन राखायला म्हणून नको, खरं सांग. मी दोन वर्षं नुसते थेंब मोजतेय, कुणाला विचारायची सोय नाही. लवंग जास्त तर नव्हती ना झाली?"

घालिया रडत होती.

"नाही मावशी. लवंग पार मागं होती. आधी केशर, मग यास."

"आणि गुलाब?"

"गुलाब सगळ्यात शेवटी. केस वाळायला लागले तेव्हा."

"केस वाळताना," सासूबाई स्वतःशीच म्हणाल्या. त्यांनी मान हलवली, तांब्या पुन्हा भरून घेतला. "बरं. मान आणखी खाली घाल," म्हणाल्या, आणि पाणी ओतायला लागल्या.